माळ्यावरची इलेक्ट्रिक गिटार: विकायची की ठेवायची?

ऐरोलीच्या मावसभावाचा फोन आला. "दादा, पोरीची गिटार पडून आहे. घेणारं कुणी असेल तर बघ ना. पाच हजार आले तरी चालतील." लॉकडाऊनमध्ये घेतलेली गिटार. सहा-सात महिने ऑनलाइन क्लास झाला, मग दहावी, मग बारावी, आणि आता पोरगी पुण्याला हॉस्टेलवर. गिटार कपाटाच्या वर, जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेली. मी म्हटलं, "विकू की. पण आधी मला बघू दे."

रविवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने गेलो. बेडशीट सोडली तर सहापैकी पाच तारा शिल्लक, त्याही गंजून तपकिरी. केबल लावली की सुरांऐवजी खरखर. तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे बोटं दाबतो त्या पट्टीपासून, इतक्या उंच की बाराव्या फ्रेटवर, म्हणजे त्या पट्टीवरच्या धातूच्या बाराव्या आडव्या काडीवर, तारांखालून पेन्सिल सरकली असती. भाऊ म्हणाला, "बघ, आता हिचं काही होणार नाही."

या अवस्थेतल्या गिटारीकडे बघून विकायचा निर्णय घेऊ नका, आणि ठेवायचाही नको. आधी ती वाजती करा, मग ठरवा. हाच माझा एकमेव आग्रह आहे, बाकी लेख म्हणजे तो कसा पाळायचा याचा तपशील. वाजती करायला लागणारे पैसे बहुतेक वेळा वाया जात नाहीत. ठेवली तर तुम्ही वाजवता, विकली तर घेणारा त्याचे पैसे देतो.

पायरी १: नाव, गाव, नंबर

हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, ब्रँडचं नाव असतं. सीरियल नंबर कधी हेडस्टॉकच्या मागे असतो, कधी नेक, म्हणजे गिटारीचा लांब दांडा, जिथे बॉडीला जोडलेली असते तिथल्या लोखंडी प्लेटवर. दोन्हींचे फोटो काढून ठेवा. बिल सापडलं तर त्याचाही.

नाव नीट वाचा. गिव्हसन हा कोलकात्याचा भारतीय ब्रँड आहे आणि गिब्सन अमेरिकन. एका अक्षराचा फरक, पण किमतीत जमीन-अस्मानाचा. 'काकांची जुनी गिब्सन' म्हणून माझ्याकडे आलेल्या दोन गिटारी प्रत्यक्षात गिव्हसन निघाल्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आपल्याकडच्या कितीतरी कॉलेज बँडांची सुरुवात तिच्यावरच झाली. फक्त जाहिरातीत खरं नाव लिहा.

तसंच स्क्वायर हे फेंडर या अमेरिकन कंपनीचंच स्वस्त भावंड. १९८२ पासून फेंडर कंपनी स्क्वायर या नावाने गिटारी विकते, पण स्क्वायर म्हणजे फेंडर नव्हे. एपिफोनचं गिब्सनशी असंच नातं आहे, १९५७ पासून. स्क्वायरच्या नंबरची सुरुवात 'आयसीएस' अशी असेल तर ती इंडोनेशियात बनलेली, आणि पुढचे दोन आकडे साधारणपणे साल सांगतात. 'मेड इन जपान' दिसलं तर घाई करू नका. ऐंशीच्या दशकातल्या जपानी गिटारींना आजही चांगले गिऱ्हाईक असतात.

हेडस्टॉकवर खरोखर गिब्सन लिहिलेलं असेल तर एक सोपी चाचणी करा. हेडस्टॉक आणि नेक यांच्यामध्ये तारांसाठी खाचा असलेली छोटी पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्या वर घंटेच्या आकाराचं छोटं झाकण असतं. खऱ्या गिब्सनमध्ये ते दोन स्क्रूंवर बसतं, नकली मालात बऱ्याचदा तीन स्क्रू दिसतात. तेवढ्यावरून ती खरी ठरत नाही, पण खोटी बऱ्याचदा इथेच पकडली जाते.

पायरी २: काय बिघडलंय आणि काय नुसतं मळलंय

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. भयंकर दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी दहा मिनिटांच्या असतात, आणि खरा घात करणारी गोष्ट केसाएवढी बारीक असते.

आधी घाताची गोष्ट. गिटार उजेडात उलटी धरा आणि हेडस्टॉक जिथे नेकला मिळतो तिथे मागून नखाने चाचपा. हेडस्टॉक मागे कललेला असेल, तर त्या जागी लाकूड सगळ्यात अशक्त असतं. गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि घसरली की इथेच तडा जातो. तडा असेल तर किंमत धाडकन खाली येते, दुरुस्ती कितीही छान झाली तरी. याउलट स्क्रूंनी जोडलेल्या नेकच्या गिटारीत, नेक बॉडीत बसते त्या खाचेच्या कोपऱ्यावर रंगाला बारीक रेघ दिसते, ती बहुतेक वेळा नुसती रंगाची असते. घाबरू नका.

आता नेक. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. ती ताणलेली तार म्हणजे तुमची पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. एखादं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर नेक ठणठणीत. फट त्याहून बरीच जास्त असेल तर नेक पुढे वाकली आहे, आणि फटच नसेल तर मागे. दोन्हींवर इलाज आहे. नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळी असते, ती पिळून हे सुधारतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी पितं आणि नेक हलते, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सरकते. ठाण्याच्या खाडीकाठच्या घरांत तर विचारूच नका. जूनमध्ये वाकलेली दिसणारी नेक म्हणजे मेलेली गिटार नव्हे.

हे मी पैसे मोजून शिकलो आहे. २००९ साली एक जपानी गिटार 'नेक गेली' म्हणून मी मातीमोल भावाने विकली. घेणाऱ्याने माझ्यासमोर, माझ्याच हॉलमध्ये, ॲलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, काढून ट्रस रॉडला पाव फेरा दिला, दहा मिनिटं थांबला, तारा सुरात लावल्या आणि हसत हसत गिटार घेऊन गेला. मी त्याला चहासुद्धा पाजला होता.

पहिल्यांदाच करत असाल तर ट्रस रॉडला स्वतः हात लावू नका. लावलाच, तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि सळी अडत असेल तर तिथेच थांबा. मोडलेला ट्रस रॉड हा खरा खर्च आहे.

फ्रेट बघा. पहिल्या पाच फ्रेटवर, बारीक तारांच्या खाली, खळगे पडलेत का? थोडे असतील तर घासून सपाट करता येतात. खोल असतील तर फ्रेट बदलावे लागतात, आणि स्वस्त गिटारीवर तेवढा खर्च करण्यात अर्थ नाही. वर एक समाधानही आहे: खोल खळगे म्हणजे कुणीतरी ती मनापासून वाजवली आहे.

मग वीज. इलेक्ट्रिक गिटारीचं काम तसं साधं असतं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि तोच अँपमध्ये, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये, मोठा होतो. म्हणूनच ॲकूस्टिकच्या ब्राँझच्या तारा इलेक्ट्रिकला लावू नका, पिकअपला त्यांचं फारसं ऐकू येत नाही. घरी कुणी चुकून लावल्या असतील आणि 'आवाजच येत नाही' अशी तक्रार असेल, तर रोग तिथेच सापडला.

केबल लावा, अँप चालू करा आणि आवाज ओळखायला शिका.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खर्रखर्र होतं? बटणाखालच्या फिरत्या भागात, म्हणजे पॉटमध्ये, धूळ किंवा ऑक्साइड बसलं आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आत मारा आणि बटण पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बहुतेक वेळा जातं.

केबल हलवली की आवाज येतो-जातो? आधी दुसरी केबल लावून बघा. तरीही तसंच असेल तर केबल खोचतो तो जॅक सैल झाला आहे. त्याची बाहेरची लोखंडी नट आवळताना आतला जॅक हाताने धरून ठेवा. तो सबंध गोल फिरला तर आतल्या तारांना पीळ पडतो, त्या तुटतात आणि पाच मिनिटांच्या कामाचं सोल्डरिंग होऊन बसतं.

सतत गुंई असा आवाज, आणि तारांना हात लावला की कमी होतो? सिंगल कॉइल, म्हणजे तारेची एकच गुंडाळी असलेल्या, पिकअपमध्ये हे चालायचंच. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण पिकअप पकडतं, पंख्याच्या रेग्युलेटरजवळ बसलात तर अजूनच. १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन उलट कॉइल शेजारी बसवून हा आवाज मारला, त्यालाच हंबकर म्हणतात. हंबकरमध्ये फार गुंई असेल तर मात्र वायरिंग बघायला द्या. आणि हात लावल्यावर आवाज कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर अर्थिंगची तार निसटली असणार.

एक गोष्ट थट्टेवारी नेऊ नका. तारांना हात लावल्यावर मुंग्या किंवा झटका जाणवला तर तात्काळ अँप बंद करा. दोष बहुधा गिटारीत नसतो, अँपच्या वायरिंगमध्ये किंवा घराच्या अर्थिंगमध्ये असतो. जुन्या इमारतीत टू-पिन ॲडॉप्टर लावून अँप चालवत असाल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग गिटार.

पायरी ३: तारा बदला, सेटअप करून घ्या

गंजलेल्या तारांवर कुठलीही गिटार वाईटच वाजते. नवीन सेट आणा. नवख्या बोटांना ०.००९ इंचाच्या पहिल्या तारेपासून सुरू होणारा, म्हणजे दुकानात 'नऊचा सेट' म्हणतात तो, हलका जातो. आधी कुठला होता ते माहीत असेल तर तोच घ्या, कारण जाडी बदलली की नेकवरचा ताणही बदलतो.

तारा काढल्यात तशी फ्रेटबोर्डची मळीही काढून घ्या. रोझवूडचा गडद फ्रेटबोर्ड असेल तर गिटारीसाठी मिळणारं लेमन ऑइल दोन थेंब, सुती कापडावर. लेमन ऑइल म्हणजे लिंबू पिळणं नव्हे, हे मला एकदा एका काकूंना फोनवर घाईघाईने सांगावं लागलं आहे. खोबरेलही नको. मेपलचा पिवळसर, चकचकीत फ्रेटबोर्ड असेल तर त्यावर वार्निश असतं, नुसतं पुसा.

सेटअप म्हणजे नेकचा बाक, तारांची उंची आणि सुरांची अचूकता जुळवणं. बाराव्या फ्रेटवर बारीक तार दीड ते दोन मिलिमीटर आणि जाड तार दोन ते अडीच मिलिमीटर उंचीवर असली की हाताला ओझं होत नाही. बारावा फ्रेट हा तारेचा बरोबर मध्य. तिथे तार हलकेच स्पर्शून निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर ट्यूनरवर एकच दिसला पाहिजे. तसं नसेल तर ब्रिजवरची, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागावरची, सॅडल नावाची छोटी टेकण मागे-पुढे सरकवतात. करायला अवघड नाही, पण पहिला सेटअप दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या आणि तो करताना शेजारी बसा. ठाण्यात नौपाडा-गोखले रोडच्या बाजूला किंवा वाशीत, वाद्यांच्या दुकानात किंवा जॅमपॅडवर, म्हणजे बँडच्या सरावाच्या भाड्याच्या खोल्यांत, विचारलं की दुरुस्त करणाऱ्याचा नंबर मिळतो. क्लासच्या सरांना विचारलं तर चांगल्याचा मिळतो.

ऐरोलीच्या गिटारीवर तारा, स्प्रे आणि सेटअप मिळून दोन हजारांच्या आतच खर्च झाला. खरखर गेली, तारा खाली आल्या. भाऊ नुसता बघत राहिला. मी म्हटलं, "आता हिला तीन आठवडे दे."

गिटार एकदम तळातली, म्हणजे नवीच सात-आठ हजारांची असेल, तर मात्र फक्त तारा बदला, जॅक आवळा आणि पुढे चला. तिच्यावर सेटअपचे पैसे परत येणार नाहीत.

पायरी ४: कालनिर्णयवर तीन आठवडे

गिटार बॅगेतून काढून स्टँडवर ठेवा, हॉलमध्ये, जाता-येता दिसेल अशी. बॅगेत गेलेली गिटार आणि पासबुकात गेलेले पैसे, दोन्हींना हात लागत नाही. स्टँडच्या रबराबद्दल एक सूचना: जुन्या किंवा महागड्या गिटारींवर बऱ्याचदा नायट्रोसेल्युलोज रंग असतो, त्याला काही रबर चिकटून डाग पडतात. तिथे सुती कापड गुंडाळा. बाकीच्या पॉली, म्हणजे पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर, रंगाच्या गिटारींना त्याची गरज नाही.

शेजाऱ्यांची काळजी असेल तर हेडफोनचं छोटं अँप घ्या किंवा मित्राकडून आणा. दुपारी दोन ते चार सोसायटीत गिटार वाजवायची नाही, हे कुठल्याही नियमावलीत नसलं तरी पाळा.

आता भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये, ज्या दिवशी पंधरा मिनिटं तरी वाजवली त्या दिवशी पेन्सिलने बरोबरची खूण करा. कुणी वाजवली त्याचं आद्याक्षरही लिहा. हे महत्त्वाचं आहे. कारण कित्येक घरांत गिटार मुलाची असते आणि खुणा बाबांच्या निघतात. अशा वेळी विकायचा प्रश्नच वेगळा होतो.

एकवीस दिवसांत दहाच्या वर खुणा असतील तर विकायचं नाव काढू नका. चार-पाच असतील आणि त्या सगळ्या पहिल्या आठवड्यात असतील, तर उत्साह नव्या तारांचा होता. मधल्या आकड्यांना मी अजून तीन आठवडे देतो. परीक्षा, लग्न किंवा गणपती मध्ये आले असतील तर ते दिवस मोजायचे नाहीत.

मुलगा किंवा मुलगी ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या परीक्षा मंडळांची इलेक्ट्रिक गिटारची परीक्षा देत असेल, तर खुणा मोजू नका, गिटार ठेवा. परीक्षेच्या आधी वाद्य बदललं की बोटांना नव्याने सवय लावावी लागते.

वाजवावीशी वाटते पण ही नको, असं होत असेल तर नेमकं काय नको ते शोधा. गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलच्या घाटाची गिटार चार-साडेचार किलोची असते, उभ्याने तासभर वाजवली की खांदा बोलायला लागतो. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) मॉडेलच्या घाटाची साधारण साडेतीन किलोची. शिवाय स्ट्रॅटच्या तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच, लेस पॉलची पाऊण इंचाने कमी, त्यामुळे लहान हातांना लेस पॉलचे फ्रेट जवळ पडतात. वजन आणि लांबी सेटअपने बदलत नाहीत. ही गिटार विकून दुसरी घेण्याची खरी कारणं आहेत. 'रंग आवडत नाही' हे कारण मी ऐकून घेतो, पण लिहून घेत नाही.

पायरी ५: किंमत

किती रुपयांना घेतली होती हे विसरा. घेणारा आजच्या बाजाराकडे बघतो. तेच किंवा त्याच तोडीचं मॉडेल आज नवीन कितीला मिळतं ते दोन-तीन ऑनलाइन दुकानांत बघा. चालत्या, स्वच्छ, सेटअप केलेल्या गिटारीला त्याच्या निम्मे ते साठ टक्के मिळावेत, हा माझा ठोकताळा. ओरखडे, बदललेले भाग, डावऱ्या हाताची असणं, यांनी आकडा खाली येतो. डावऱ्या गिटारीला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, पण मिळालं की तो फार घासाघीस करत नाही, कारण त्यालाही दुसरी मिळत नसते.

ऑनलाइन जाहिरातींत दिसणारे आकडे हे लोकांनी मागितलेले असतात, मिळालेले नव्हेत.

आणि बाजारात गर्दी आहे. २०२० साली सगळं जग घरात बसून गिटार शिकत होतं, फेंडरने त्या वर्षी आपल्या इतिहासातली सर्वाधिक विक्री केली. त्यातल्या आपल्याकडच्या कित्येक गिटारी आता कपाटांवरून खाली येताहेत. शिकाऊ मॉडेलचा भाव त्यामुळे पडलेला राहतो.

आता उलटा हिशोब करा, जो कुणी करत नाही. समजा आज नवी १८,००० ची आहे आणि तुम्हाला १०,००० मिळाले. दोन वर्षांनी पुन्हा शिकावंसं वाटलं तर १८,००० किंवा जास्त घालावे लागतील. म्हणजे आज विकण्याची किंमत आठ हजार. ठेवण्याची किंमत म्हणजे एक कोपरा, वर्षाला तारांचे दोन सेट आणि सिलिका जेलच्या पुड्या. 'पुन्हा वाजवीन' याची शक्यता तुमच्या मते किती, हे तुम्हीच स्वतःला खरं सांगा.

तळातल्या गिटारीचे तीन-चार हजार येणार असतील, तर मी ती विकण्यापेक्षा ओळखीतल्या एखाद्या पोराला द्यायच्या बाजूचा आहे. जाहिरात, फोन, घासाघीस यात तेवढ्याचा जीव जातो.

ठेवायची ठरली तर

कपाटाच्या वर नको, बाथरूमच्या भिंतीला लागून नको, एसीच्या झोतासमोर नको. जून ते सप्टेंबर बॅगेत सिलिका जेल टाका आणि आठवड्यातून एकदा गिटार बाहेर काढा. लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडे पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर असते. वाजवून झालं की तारा कोरड्या कापडाने पुसा, घामानेच त्या जास्त गंजतात. पिकअपला ९ व्होल्टची बॅटरी लागणारं मॉडेल असेल तर केबल खोचलेली ठेवू नका, बॅटरी संपते. फार दिवस वाजवणार नसाल तर ती काढूनच ठेवा, गळली तर आतलं सगळं खाते. दसऱ्याला पूजा करा, पण झेंडूची ओली फुलं पिकअपवर नको.

विकायची ठरली तर

मूळचे भाग शोधा. पिकअप किंवा खुंट्या बदलल्या असतील तर जुने भाग सोबत द्या, घेणाऱ्याला ते हवे असतात. चांगले नवे पिकअप तुम्ही घातले असतील तर ते काढून वेगळे विकणं आणि मूळचे परत लावणं जास्त फायद्याचं, कारण बदलांचे पैसे पूर्ण कुणी देत नाही.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. पुढून, मागून, हेडस्टॉक, फ्रेट, आणि प्रत्येक ओरखड्याचा एक वेगळा. दोष लपवलात तर तो माणूस ऐरोलीहून ठाण्याला येऊन, बघून, दोन हजार कमी करून मागेल आणि तुम्ही द्याल. मोबाइलवर तीस सेकंद वाजवून व्हिडिओ टाका. वाईट वाजवलं तरी चालेल, आवाज येतो हे दिसलं पाहिजे.

जाहिरात ओएलएक्सवर, फेसबुकच्या गिटारवाल्या ग्रुपांवर, आणि ओळखीच्या क्लासच्या व्हॉट्सॲपवर. माझा अनुभव असा की क्लासमधून येणारं गिऱ्हाईक सगळ्यात सरळ असतं. काही दुकानं बदलीत घेतात, पण भाव कमी देतात. तेवढ्याने काम भागणार असेल, तर घासाघीस टळली म्हणून समाधान माना. परीक्षा संपतात तो एप्रिल-मे, आणि दसरा-दिवाळीच्या आधीचे आठवडे मला बरे वाटतात.

जाहिरात पडल्यावर दहा मिनिटांत 'लास्ट कितना?' असा मेसेज येईल. गिटार न बघता लास्ट विचारणाऱ्याला लास्ट सांगू नका. 'बघायला या, मग बोलू' एवढंच. विकायच्या आकड्याच्या वर दहा टक्के ठेवून मागा, ते घासाघिशीत जाणारच आहेत.

फसवणुकीचा एक साचा ठरलेला आहे. समोरचा म्हणतो मी सैन्यात आहे, बदलीवर आहे, गिटार न बघता घेतो, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा. लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावी लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन मागितली की पैसे तुमचे जाणार. 'पेमेंट झालं' असा स्क्रीनशॉट दाखवला तरी स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय बॅग हातात देऊ नका. फसलातच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकं बरं.

भेटायचं कुठे? घरी बोलवायचं नसेल तर जॅमपॅडवर तासाभराची खोली घ्या, तिथे अँप असतं आणि माणसं असतात. वाशी किंवा सीवूड्सच्या मॉलमध्ये भेटायचं असेल तर गिटारीत थेट खोचायचं हेडफोन अँप सोबत न्या. आवाज न ऐकता कुणी पैसे देणार नाही, आणि देत असेल तर मला त्याचाच संशय येईल. लोकलने नेणार असाल तर अकराच्या आधी आणि पाचच्या नंतर निघू नका. संध्याकाळच्या वाशी-ठाणे गाडीत साध्या बॅगेतली गिटार म्हणजे हेडस्टॉकची परीक्षा. दुपारी, लगेजच्या डब्यात, हेडस्टॉक वर धरून.

परगावी कुरिअरने पाठवायचा व्यवहार पहिल्याच विक्रीत करू नका.

घेणारा आला की त्याला निवांत वाजवू द्या. बडबड करू नका. तो खर्रखर्र करून बटणं फिरवेल, नेककडे एक डोळा मिटून बघेल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. म्हणजे त्याला ती आवडली आहे. पैसे आले की एका कागदावर तारीख, मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम लिहून दोघांनी सह्या करा, एक प्रत त्याला, एक तुम्हाला. बिल असेल तर तेही द्या. केबल, पट्टा, ॲलन की यांतलं काय किमतीत आहे ते आधीच बोला, नाहीतर पट्ट्यावरून अर्धा तास जातो.

ऐरोलीच्या कालनिर्णयवर चार खुणा होत्या, चारही भावाच्या, चारही पहिल्या आठवड्यातल्या. पोरीला पुण्याला फोन लावला तर ती म्हणाली, "विका ना बाबा, मी इथे मैत्रिणीची वाजवते." कोपरखैरण्याचा एक मुलगा साडेनऊ हजारांना घेऊन गेला.

त्याच रात्री जाहिरात काढून टाका. भावाने काढली नाही. महिना झाला, अजून त्याला रात्री साडेअकराला मेसेज येतात, 'अजून आहे का?'